चालणे वाढले, भाकरी कमी झाली. तरी वजन का वाढते?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एकाच तक्रारीची पत्रे इतकी होती की, या वेळी सगळी जागा त्याच प्रश्नाला द्यावी असे ठरवले. पत्रे परभणी, हिंगोली, लातूर, बीड, जालना अशी मराठवाड्याच्या निरनिराळ्या भागांतून आली आहेत. लिहिणाऱ्यांमध्ये शिक्षिका आहेत, विद्यार्थिनी आहेत, दिवसभर शेतात राबणाऱ्या आहेत. प्रत्येकीचे म्हणणे एकच की, मी व्यायाम करते, बेताने खाते, तरी वजन वाढते आहे आणि माझ्या बोलण्यावर कोणाचाही विश्वास बसत नाही. माझा बसतो, हे आधी सांगते. अंगात ताप असलेल्या बाईला आपण 'तू उन्हात फिरली असशील' असे म्हणून परत पाठवत नाही. तो ताप कशाचा आहे ते शोधतो. कारण नसताना वाढणाऱ्या वजनाकडेही तसेच पाहायला हवे. पत्रे मोठी होती, म्हणून ती संक्षेपाने दिली आहेत आणि नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझे वय 39 असून मी परभणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दीड वर्षापूर्वी माझे वजन 61 किलो होते, आज 69 आहे. आठ महिन्यांपासून रोज पहाटे पाच किलोमीटर चालते. साखर सोडली, भात सोडला, रात्री एकच भाकरी खाते. सासूबाई म्हणतात, शाळेत काहीतरी खात असशील. एका डॉक्टरांना दाखवले, त्यांनी 'कमी खा, जास्त चाला' एवढेच सांगितले. केस गळतात, पोट साफ होत नाही, पाळीत अंगावरून फार जाते, दुपारनंतर वर्गात उभे राहवत नाही. बाकी काही त्रास नाही. अर्धशिशीसाठी रात्री एक गोळी घेते, ती वर्षभरापासून चालू आहे. मी आणखी काय कमी करू?

उत्तर : ताई, तुमच्या पत्राच्या शेवटी शेवटी, जाता जाता लिहिलेले वाक्य मी तीनदा वाचले. 'बाकी काही त्रास नाही' असे म्हणून तुम्ही ज्या गोळीचा उल्लेख केला आहे, तिथूनच शोध सुरू करावा असे मला वाटते. अर्धशिशी वारंवार येऊ नये म्हणून रोज द्यायची जी औषधे आहेत, त्यांपैकी फ्लुनारिझिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, व्हॅल्प्रोएट आणि काही प्रमाणात प्रोप्रॅनोलॉल या औषधांनी वजन वाढू शकते. कोणी भूक वाढवते, कोणी सुस्ती आणते, कोणी शरीराचा ऊर्जेचा खर्चच थोडा कमी करते. गोळीचे नाव तुम्ही लिहिलेले नाही, म्हणून मी ठाम सांगू शकत नाही. पण वजन दीड वर्षात वाढले आणि गोळी वर्षभराची आहे, हा मेळ सोडून देण्यासारखा नाही. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, कारण यातली काही औषधे एकाएकी थांबवल्यास त्रास होतो. गोळ्यांची पट्टी घेऊन त्याच डॉक्टरांकडे जा आणि स्पष्ट विचारा : "या गोळीने वजन वाढते का? वाढत असेल तर दुसरी कोणती देता येईल?" पर्याय असतात, आणि ते मागण्यात संकोच वाटण्याचे काही कारण नाही.

याच ठिकाणी सर्व वाचक भगिनींसाठी एक गोष्ट लिहिते. वजनाची तक्रार घेऊन जाताना घरातली झाडून सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत. मनाच्या आजारावरची काही औषधे, मधुमेहातील इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, दम्यासाठी किंवा अंगावरच्या चट्ट्यांसाठी दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड, तीन महिन्यांनी घ्यायचे गर्भनिरोधक इंजेक्शन यांपैकी कशानेही काही स्त्रियांचे वजन वाढते. त्या औषधाबद्दल कोणी विचारत नाही आणि दोष जेवणाच्या ताटावर येतो.

तुमची दुसरी लक्षणे, म्हणजे केस गळणे, बद्धकोष्ठ, पाळीत जास्त जाणे आणि थकवा, ही सगळी एकत्र पाहिली की थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावले असण्याची शंका येते. आपल्या भागात स्त्रियांमध्ये हा विकार पुष्कळ आढळतो. तपासणी सोपी आहे : थायरॉइडचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्तातील दोन संप्रेरके, टीएसएच आणि मुक्त टी-4. टीएसएच वाढलेले आढळले तर थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे तपासावीत, कारण बहुतेक वेळा शरीराची प्रतिकारशक्तीच त्या ग्रंथीवर उलटलेली असते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर तपासणीच्या किमान दोन-तीन दिवस आधी त्या थांबवा. त्यांनी या चाचणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहून घ्या, कारण इतके अंगावरून जात असेल तर रक्त कमी झालेले असण्याची दाट शक्यता आहे, आणि रक्त कमी असलेल्या बाईचे पाच किलोमीटर चालणे म्हणजे शरीरावर ओझे टाकणे होय.

थायरॉइडचा दोष निघाला तर गोळी रोज सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा घ्यायचा नाही. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी ही गोळी चहाच्या घोटाबरोबर घेतात आणि 'गोळी लागू पडत नाही' म्हणून डोस वाढवून घेतात. डोस सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच तपासावे. आणखी एक. हल्ली प्रकृतीची काळजी घेणाऱ्या घरांमध्ये साधे मीठ सोडून सैंधव वापरण्याची पद्धत वाढली आहे. थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागते, म्हणून पाकिटावर 'आयोडीनयुक्त' असे लिहिलेले नसेल तर ते मीठ रोजच्या स्वयंपाकात एकमेव मीठ म्हणून वापरू नये.

पण तुम्हाला खोटी आशा लावणे मला पटणार नाही. थायरॉइडमुळे जे वजन वाढते ते साधारणपणे दोन ते पाच किलो असते आणि त्यातही बराच भाग अंगात साठलेल्या पाण्याचा व क्षारांचा असतो. तुमच्या आठ किलोंमध्ये थायरॉइडचा वाटा असेल, त्या गोळीचाही असेल, आणि थोडा हिशेब स्वयंपाकघरातही सापडेल. हे मी सासूबाईंच्या बाजूने बोलत नाही. तुम्ही चोरून खात नाही यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण आपल्या जेवणात जे दिसत नाही ते मोजलेही जात नाही.

तेलाचेच पाहा. एका शिक्षिकेला मी सांगितले होते की, नवीन डबा फोडाल त्या दिवशी डब्यावर खडूने तारीख घाला. त्यांच्या घरी पाच माणसे होती आणि 15 किलोचा डबा बरोबर अडीच महिन्यांत संपला. म्हणजे माणशी रोज 40 ग्रॅम तेल, म्हणजेच 360 कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठे काम करणाऱ्या स्त्रीसाठी दिवसाला सुमारे 20 ग्रॅम तेल-तूप पुरेसे मानले आहे. त्या बाईंनी डब्यावरची पांढरी तारीख मला मोबाइलच्या फोटोत दाखवली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, कारण दोन वर्षे त्या स्वतःला दोष देत होत्या आणि भाकरीची चतकोर कमी करत होत्या, पण भाजीवरच्या तर्रीकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते.

भाकरीने वजन वाढत नाही, पोळीने वाढते, हा समजही आपल्याकडे घट्ट आहे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठात 100 ग्रॅममागे कॅलरी जवळपास सारख्याच असतात, सव्वातीनशेच्या आसपास. ज्वारीचे गुण वेगळे आहेत. तिच्यात तंतू आहेत, ती पोटात जास्त वेळ टिकते, आणि ती सोडावी असे मी कधीही म्हणणार नाही. पण भाकरीबरोबर शेंगदाण्याची चटणी दोन-तीन चमचे, तिच्यावर कच्चे तेल, असे ताट झाले तर भाकरी कमी केल्याचा लाभ तिथेच फिटतो. पाच किलोमीटर चालून तुमच्या वजनाच्या स्त्रीच्या सुमारे 250 कॅलरी खर्च होतात. तेवढ्या 45 ग्रॅम शेंगदाण्यांत, म्हणजे दोन लहान मुठींत, असतात. सोमवार, चतुर्थी, एकादशी असे उपवास असतील तर साबुदाण्याच्या खिचडीची एक ताटली, 75 ग्रॅम साबुदाणा, मूठभर कूट आणि तीन चमचे तूप धरले तरी साडेपाचशे कॅलरींच्या घरात जाते. उपवास श्रद्धेने जरूर करावा. फक्त तो वजन कमी करण्याचा उपाय समजू नये.

'आणखी काय कमी करू' या तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, आता काहीही कमी करू नका. रात्री एकाच भाकरीवर राहून तुमचे स्नायू कमी होत असतील, आणि स्नायू घटले की बसल्या जागी होणारा ऊर्जेचा खर्चही घटतो. वरण घट्ट करा, रोज एक वाटी मोड आलेली मटकी किंवा मूग, ताक, दही, चालत असेल तर अंडे, असे जेवणात आणा. शरीराच्या दर किलोमागे दिवसाला 0.8 ग्रॅमच्या थोडी वर प्रथिने हवीत, म्हणजे तुम्हाला पंचावन्न-साठ ग्रॅम. आणि चालण्याचे दोन दिवस कमी करून त्या दिवशी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे असे स्नायूंना ताण देणारे व्यायाम करा.

प्रश्न : हिंगोली. वय 28. महिन्यापूर्वी जिम लावली, बाहेरचे खाणे बंद केले, आणि वजन दीड किलो वाढले. जिम सोडू का?

उत्तर : सोडू नका. सवय नसलेल्या व्यायामाने स्नायूंना बारीक इजा होते आणि ती भरून येताना तिथे पाणी साठते. शिवाय स्नायू ग्लायकोजेन नावाचा साठा वाढवतात आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतात. पहिल्या चार-सहा आठवड्यांत एक-दोन किलो वाढणे स्वाभाविक आहे. काटा आठवड्यातून एकदाच, एकाच वारी, सकाळी शौचानंतर आणि चहाच्या आधी पाहा. पाळीच्या आधीचा आठवडा मोजू नका, कारण तेव्हा अंगात पाणी असते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर टेप लावून पोटाचा घेर नोंदवत जा. भारतीय स्त्रीसाठी तो 80 सेंटिमीटरच्या आत असावा. तीन महिन्यांनंतर घेरही वाढलेला असेल तर पुन्हा लिहा.

प्रश्न : मी 19 वर्षांची असून लातूरला वैद्यकीय प्रवेश परीक्षेची दुसऱ्यांदा तयारी करते आहे. उंची 154 सेंटिमीटर. वर्षभरात वजन 52 वरून 60 झाले. सकाळी 500 दोरीउड्या मारते, मेसमध्ये एकच पोळी खाते, रात्रीचे जेवण सोडले आहे. पाळी दोन-अडीच महिन्यांनी येते, हनुवटीवर केस येतात. मान काळी पडली आहे, कितीही घासली तरी निघत नाही. मैत्रिणी 'अंघोळ करत नाहीस का' म्हणून चिडवतात. आई म्हणते, लग्न झाल्यावर सगळे ठीक होईल.

उत्तर : बाळ, मानेवरचा तो काळेपणा मळ नाही. तो घासणीने किंवा दगडाने घासू नकोस. त्वचा सोलवटेल आणि आणखी काळी होईल. मखमलीसारखी जाड, काळपट घडी मानेवर, काखेत दिसते तेव्हा शरीरात इन्सुलिन जास्त झाले असल्याची ती खूण असते. पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिकाधिक तयार करते. वाढलेले इन्सुलिन चरबी साठवून ठेवते, बीजकोशांना, म्हणजे अंडाशयांना, पुरुषी संप्रेरके जास्त करायला लावते, त्यामुळे बीज वेळेवर सुटत नाही, पाळी लांबते आणि हनुवटीवर केस येतात. तुझ्या पत्रातल्या चारही तक्रारी एकाच धाग्याच्या आहेत आणि त्यांना पीसीओएस म्हणतात. यात तुझा कसलाही दोष नाही.

निदानाला तीनांपैकी दोन गोष्टी लागतात : पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांची लक्षणे किंवा रक्तातील वाढ, आणि सोनोग्राफीत बीजकोशात दिसणाऱ्या बारीक गाठी. तुझ्यात पहिल्या दोन आहेत, त्यामुळे सोनोग्राफी केली नाही तरी चालण्यासारखे आहे. तुझ्या वयात तशा गाठी निरोगी मुलींमध्येही दिसतात आणि उगाच घबराट होते. मात्र टीएसएच, प्रोलॅक्टिन, उपाशीपोटीची व ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांची साखर, आणि टेस्टोस्टेरॉन तपासून घे, कारण हीच लक्षणे देणारे इतर आजार आधी वगळायचे असतात.

तुझा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 25 च्या किंचित वर आहे. पाश्चात्त्य तक्त्यात लठ्ठपणा 30 पासून मोजतात. भारतीयांसाठी 23 पासूनच सावध व्हायचे असते. दिसायला काटकुळ्या भारतीय शरीरातही आत चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवले आहे. तुझ्यासाठी दिलासा असा की, वजन पाच ते दहा टक्के, म्हणजे फक्त तीन ते सहा किलो कमी झाले तरी अनेक मुलींची पाळी पुन्हा नियमित होते.

त्यासाठी रात्रीचे जेवण सोडणे हा मार्ग नाही. लातूरला शिकायला आलेली मुले रात्री दोन-दोनपर्यंत जागतात, हे मी जवळून पाहिले आहे. उपाशीपोटी जागरण केले की भूक लावणारे संप्रेरक वाढते, पोट भरल्याची जाणीव देणारे कमी होते, आणि बाराच्या पुढे बिस्किटांचा पुडा, फरसाण, साखरेचा चहा पोटात जातो, जो आपण जेवणात धरतच नाही. संध्याकाळी साडेसात-आठला वरण, भाजी, एक-दोन पोळ्या, दही असे नीट जेव आणि बाराच्या आत झोप. सात तासांची झोप हा तुझ्या उपचाराचा भाग आहे, अभ्यासाची चोरी नव्हे. दोरीउड्यांसोबत आठवड्यातून तीन दिवस बैठका काढ, कारण साखर सर्वांत जास्त खर्च करणारे स्नायू मांडीचेच असतात. गरज वाटल्यास डॉक्टर मेटफॉर्मिन किंवा पाळीच्या गोळ्या देतील. पाळी तीन महिन्यांहून जास्त लांबू देऊ नकोस. गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहणे पुढे धोक्याचे ठरते.

आईला माझा नमस्कार सांग आणि हे उत्तर वाचून दाखव. लग्नाने इन्सुलिन कमी होत नाही. उपचार न घेता लग्न झाले तर दिवस राहण्यास उशीर होतो आणि त्याचाही बोल मुलीलाच लावला जातो, हे मी फार घरांत पाहिले आहे.

प्रश्न : बीड जिल्हा. माझ्या वहिनींचे वय 46. गुडघेदुखीसाठी वर्षभरापासून एका गावठी वैद्याच्या पुड्या घेतात, फार गुण आहे. शेतात पहाटेपासून काम करतात, जेवण पूर्वीइतकेच, तरी तोंड भरले आहे आणि पोट सुटले आहे. हातपाय मात्र बारीक दिसतात. थोडे लागले तरी अंगावर निळे डाग पडतात. गावात सगळे 'तब्येत चांगली झाली' म्हणतात.

उत्तर : दादा, ही चांगली झालेली तब्येत नाही. चंद्रासारखे गोल तोंड, मोठे पोट, बारीक हातपाय, निळे डाग हे सगळे शरीरात स्टेरॉइड फार झाल्याचे चित्र आहे. वहिनींना खाली बसवून हात न टेकता उठायला सांगा. मांड्यांतली ताकद गेली असेल तर त्यांना उठता येणार नाही. पोटावर जांभळट रुंद वळ आहेत का, मानेच्या मागे चरबीचा उंचवटा आला आहे का, हेही घरातल्या बाईमाणसाने पाहावे.

अशा पुड्या मी अनेकदा उघडून पाहिल्या आहेत. वर्तमानपत्राच्या कागदाची चौकोनी घडी, आत तपकिरी चूर्ण, आणि कागद उजेडात धरून हलवला की त्या तपकिरी चूर्णात गोळी कुटल्यासारखे पांढरे कण चमकतात. नुसते पाहून त्यात काय आहे ते कळत नाही, पण वर्षानुवर्षांची सांधेदुखी दोन दिवसांत जादूसारखी थांबली, भूक लागली, उत्साह आला, तर त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारखे स्टेरॉइड असल्याची शंका घ्यावीच लागते. आयुर्वेदाला यात नावे ठेवण्याचा प्रश्न नाही. ही आयुर्वेदाचीही फसवणूकच आहे. स्टेरॉइडमुळे वजन वाढते ते सोडाच, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडे ठिसूळ होतात, आणि वहिनी ज्या गुडघ्यासाठी पुडी घेतात त्या गुडघ्यामागची हाडेच खचतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. पुडी उद्यापासून एकदम बंद करू नका. बाहेरून इतके दिवस स्टेरॉइड मिळाल्यावर शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, तयार करणाऱ्या मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. अचानक बंद केले तर उलट्या, चक्कर, रक्तदाब एकदम उतरणे, प्रसंगी जिवावर बेतणे, असे होते. चार पुड्या सोबत घेऊन फिजिशियनकडे जा, सकाळी आठच्या सुमाराचे रक्तातील कॉर्टिसॉल, साखर आणि रक्तदाब तपासून घ्या. ते मोजून-मापून दिलेल्या गोळीवर आणून काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ती उतरवत नेतील. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे हे सगळे होते. या काळात वहिनींना ताप आला, जुलाब-उलट्या झाल्या किंवा कसली शस्त्रक्रिया ठरली, तर 'आम्ही वर्षभर स्टेरॉइड घेतले आहे' हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका. गुडघा पुन्हा दुखू लागेल. तेव्हा पुन्हा पुडीकडे वळू नये म्हणून आधीच त्यांना विश्वासात घ्या.

प्रश्न : बीड जिल्ह्यातूनच. ऊसतोडीला जाते. 33 व्या वर्षी पिशवी काढली, आता 37 आहे. काम पहिल्याएवढेच, पण वजन दहा किलो वाढले, रात्री घाम फुटतो, हाडे दुखतात.

उत्तर : ताई, ऑपरेशनचा कागद शोधा. पिशवीबरोबर बीजकोश, ज्यांना अंडाशय म्हणतात, तेही काढले का, हे त्यात लिहिलेले असते. काढले असतील तर 33 व्या वर्षीच तुमची रजोनिवृत्ती झाली, जी भारतीय स्त्रियांमध्ये सरासरी 46-47 व्या वर्षाच्या आसपास येते. बीजकोशांतून येणारे एस्ट्रोजेन हे संप्रेरक गेले की चरबी मांड्या-कमरेकडून पोटाकडे सरकते, स्नायू आणि हाडे झिजतात, घाम फुटतो. बीजकोश ठेवलेले असले तरी पिशवी काढल्यावर ते काही वर्षे लवकर थकतात.

2019 मध्ये बीड जिल्ह्यातील 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. फडावर सुट्टी पडली की मजुरी बुडते, पाळीच्या दिवसांत आडोसा नाही, पाणी नाही, आणि पांढरे जाते म्हणून दाखवायला गेलेल्या बाईला 'कॅन्सर होईल, पिशवी काढून टाक' असे सांगितले जाते. या बायकांना पुढच्या तीस-चाळीस वर्षांत काय होईल हे कोणी समजावले नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

तुम्ही स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटून हार्मोनची औषधे घेता येतील का ते विचारा. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या असे काही नसेल तर इतक्या कमी वयात बीजकोश गेलेल्या स्त्रीला ती साधारणपणे रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत देणे हिताचे मानले जाते. कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता तपासून घ्या. मोळी उचलण्याचे काम तुम्ही करताच, त्यामुळे वेगळा व्यायाम सांगत नाही. जेवणात डाळ आणि दूध-ताक वाढवा.

प्रश्न : जालना. माझी आई 57 वर्षांची आहे. पाळी जाऊन सात वर्षे झाली. दरवर्षी पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जाते, एरवीही रोज चालते. चार महिन्यांत वजन चार किलो वाढले, पोट पुढे आले. जेवण उलट कमी झाले आहे. अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरले म्हणते. लघवीला सारखे जाते. शेजारच्या बायका म्हणतात, या वयात पोट सुटतेच. आईसाठी कोणता आहार ठेवावा?

उत्तर : आहाराचे नंतर पाहू. आईला या आठवड्यात पोटाची सोनोग्राफी करायला न्या.

असे निकडीने का सांगते, ते लिहिते. डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे अशाच वयाच्या एक आजी येत. पोट वाढले म्हणून दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा मी त्यांना भात-तूप कमी करायला सांगून पाठवले. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "परकराची नाडी पुरंना झाली बघा, अन् बांगड्या मात्र कोपरापर्यंत जायला लागल्या." त्यांनी हात वर केला आणि हिरव्या काचेच्या बांगड्या खळकन कोपराशी जाऊन थांबल्या. तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना झोपवून पोट तपासले. पोटात पाणी झाले होते आणि बीजकोशात गाठ होती. काट्यावरचे वाढलेले किलो पाण्याचे आणि गाठीचे होते. बाई स्वतः वाळत चालल्या होत्या. माझ्या हातून गेलेले ते तीन महिने मी विसरलेले नाही.

पाळी गेलेल्या स्त्रीचे पोट फुगत जाणे, थोडे खाऊन पोट भरणे आणि वारंवार लघवीला लागणे ही तीन लक्षणे एकत्र आली की बीजकोशाची गाठ वगळल्याशिवाय दुसरा विचार करायचा नसतो. ती साधी गाठही असू शकते. यकृत, मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारातही पोटात आणि पायांवर पाणी येते. म्हणून सोनोग्राफीबरोबर सीए-125 ही रक्ताची चाचणी, लघवीतील प्रथिने आणि यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या होऊ द्या. आईच्या नडगीवर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खड्डा पडून तसाच राहिला तर तेही डॉक्टरांना सांगा.

जालन्यात सोनोग्राफी होईल. गाठ निघालीच तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय तुमच्यापासून तासा-दीड तासावर आहे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अशा शस्त्रक्रियेचा व औषधांचा खर्च बसतो. शिधापत्रिका आणि आधार कार्ड सोबत ठेवा, म्हणजे दुसरी खेप पडणार नाही. गाठीत बाहेरून सुई घालून पाणी काढू देऊ नका. गाठ कर्करोगाची असेल तर ती पोटात पसरण्याचा धोका असतो. आईला घाबरवू नका, पण पालखीच्या तयारीत हे मागेही पडू देऊ नका. तुम्ही पत्रावर फोन नंबर दिला असता तर अंक निघण्याची वाट न पाहता मी त्याच दिवशी कळवले असते. सोनोग्राफीचा कागद हातात येताच या सदराच्या पत्त्यावर त्याची प्रत पाठवा, आणि या वेळी नंबर अवश्य लिहा.